दोरी कशाला हवी?

रत्नागिरीच्या रामआळीतल्या एखाद्या जुन्या दुकानात जाऊन नुसतं "दोरी द्या" म्हणणारा माणूस बाहेरगावचा आहे, हे दुकानदाराला पाठमोरा असतानाही कळतं. तो वळतसुद्धा नाही. तिकडूनच विचारतो, "कशाला?"

"बांधायला."

"ते कळलं. काय बांधायला? म्हैस बांधायचीय, आंब्याची पेटी बांधायचीय, कपडे वाळत घालायचेत, की गणपतीवरची माटवी टांगायचीय?"

गिऱ्हाईक गोंधळतं. त्याला वाटतं, माणूस चौकस आहे. तसा तो आहेच. पाव किलो रवा घेतला तरी घरी कोण आलंय आणि किती दिवस राहणार आहे, हे कळल्याशिवाय आमच्याकडे पुडीला गाठ बसत नाही. पण दोरीच्या बाबतीत त्याला उगीच दोष देऊ नये. दोरी काय काम करणार हे ठरल्याशिवाय तिला नाव मिळत नाही आणि नावाशिवाय वस्तू काढून देणं हे कुठल्याही अब्रूदार दुकानदाराला जमणारं नाही.

गाईच्या गळ्यात असेल तर ते दावं. तिच्या नाकातून ओवली तर वेसण. बैलाला वळवायला हातात धरला तर कासरा. कापणीत भाऱ्याभोवती आवळतात तो पेंढ्याचाच पीळ घातलेला आळा, आणि माणसांना किंवा खर्चाला घालतात तोही आळाच. पहिला बसतो. दुधा-तुपाचं भांडं मांजराच्या उडीपलीकडे लोंबकळत ठेवतं ते शिंकं. गजऱ्याला केळीचं सोपट, पोत्याच्या तोंडाला सुतळी, लेंग्याला नाडी. लांबच लांब झालं की चऱ्हाट. मग ते दोराचं असो वा भाषणाचं, वळणाऱ्याचा उत्साह आणि बघणाऱ्याचा चेहरा दोन्हीकडे सारखाच.

यातलं निव्वळ 'दोर' हे घराणं तर व्याकरणाच्या मास्तरांनाही घाम फोडणारं. जाडजूड तो दोर, पुरुष. बारीक ती दोरी, बाई. इथवर ठीक; मोठ्याला पुल्लिंग आणि लहानाला स्त्रीलिंग देणारी माणसं कोण असतील याचा अंदाज करता येतो. पण त्याहून बारीक झाला की पुन्हा दोरा, पुरुष! अंगात काही उरलेलं नाही, फुंकर मारली तर उडेल, पण लिंग पुल्लिंग. आणि हा पुरुषोत्तम जन्मभर सुईच्या मागे मागे जातो. गाईला आवरणारं दावं मात्र नपुंसकलिंगी. सगळ्यांत जास्त कष्टाचं काम ज्याच्याकडे, त्याला व्याकरणाने कुठल्याच पंगतीत बसवलेलं नाही.

दोराचं मोजमापही दुकानातल्या तागडीवर होत नसे. दोन्ही हात पसरले की एक वाव. विकणारा उंच असला तर गिऱ्हाइकाचा फायदा, म्हणून दोर आणायला जाणाऱ्याला घरातून सांगत, "थोरल्याकडून मोजून घे, धाकटा आखूड आहे." आता नायलॉन किलोवर विकतात. माणसाच्या उंचीचा दोराच्या भावाशी काही संबंध उरलेला नाही.

विहिरीवरच्या दोराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. घाटावर त्याला काढणी म्हणतात, आणि आमच्या खाली मालवणी मुलखात आणि पुढे गोव्याकडे त्याचं नाव राजू. संस्कृतातला रज्जू कोकणात उतरता उतरता एक 'ज' कमी करून आला; एवढा घाट उतरायचा म्हटल्यावर ओझं कोण वाहील? पण या राजूने एके काळी मे महिन्यात फार घोळ घातले. कारण मुंबईत त्या सुमारास दर दुसऱ्या घरात एक राजू जन्माला येत होता आणि सुट्टी लागली की हे सगळे राजू आईचं बोट धरून गावाला येत. पहाटे परसात मावशीचा खणखणीत आवाज यायचा, "अगो, बोलत काय बसलीस? आधी राजू विहिरीत सोड!" माजघरात अंथरुणावर पडलेला सात वर्षांचा राजू हे ऐकून पांघरुणात आणखी आत सरकायचा. रात्री त्याने खरवस सांडलेला असायचा, त्यामुळे शिक्षेचं कारण त्याला ठाऊक होतं. शिक्षा जरा जास्त होतेय एवढंच त्याचं म्हणणं.

विहिरीत राजू आणि कळशी दोन्ही जाणं ही तर नित्याची बाब. मग गळ लागायचा. लोखंडी आकड्यांचा हा गळ वाडीत एकच असे आणि तो नेमका ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या पडवीत टांगलेला असे. कळशी बाहेर काढण्यासाठी कितीतरी घरांना पुन्हा बोलावं लागलेलं आहे. घरोघरी पंप आले, नळ आले, आणि अबोला धरणाऱ्यांची फार मोठी सोय झाली.

दाव्याचं मूळही असंच खानदानी. संस्कृतात दामन् म्हणजे दोर, त्याचं झालं दावं. यशोदेने ज्याच्या पोटाला दावं बांधलं तो दामोदर. आमच्याकडे एके काळी गल्लीत "दामूऽऽ" अशी हाक मारली तर तीन घरांतून ओ यायची. एवढ्या लोकांनी पोरांची नावं 'पोटाला दोर बांधलेला' अशी ठेवली आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. बहुधा बापाचा अनुभव पोराच्या नावात उतरत असावा.

माणूस दाव्याला बांधून ठेवायचा तर रत्नागिरीत, ही कल्पना मात्र आमची नव्हे, इंग्रजांची. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथे आणला आणि १९१६ मध्ये तो गेला तोवर इथेच ठेवला. दावं लांब होतं. पुढे त्याच्यासाठी टेकडीवर समुद्र दिसेल असा राजवाडाही बांधून दिला. नजरेला त्याचं मंडाले कधी पडणार नाही याची खात्री करूनच जागा निवडलेली. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत जिल्ह्याच्या हद्दीत स्थानबद्ध. इथून सुटायची धडपड थिब्याने केली, सावरकरांनी केली. आणि आमचा प्रत्येक मुलगा दहावी झाल्यापासून करतो आहे. त्याला कोणी बांधलेलं नाही, पण तो मुंबईला जाऊनही गणपतीला नि शिमग्याला न चुकता ओढल्यासारखा परत येतो. त्या दोराला काय म्हणतात हे रामआळीतल्या दुकानदारालाही सांगता आलेलं नाही.

आता मुख्य मानकरी. सुंभ.

सुंभ म्हणजे काथ्याचा दोर. नारळ सोलला की वरचं जे सोडण निघतं, त्याच्या तंतूंचा काथ्या आणि काथ्याचा सुंभ. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीपलीकडे नारळाचं संशोधन केंद्र आहे, तिथे नारळाच्या जातींवर वर्षानुवर्षं अभ्यास चालतो. पण आमच्या अंगणातला जुना बाणवली माड कसलंही संशोधन न होता सोडणं पाडत राहतो आणि ती न्हाणीच्या चुलीत जातात. पूर्वी ती खाडीच्या चिखलात जायची. खाऱ्या पाण्यात दाबून महिनोन्‌महिने कुजवायची, सहा सहा, दहा दहा महिने. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी घेतलाय त्यांना गरज नाही आणि ज्यांनी नाही त्यांच्यावर तो ओढवू नये. कुजलेलं सोडण मोगरीने कुटायचं, भुसा झाडायचा, तंतू मोकळे करायचे, वाळवायचे आणि मग वळायचं. एवढं करून हाती काय, तर दोर. पण काय दोर! खाऱ्या पाण्यात कुजत नाही, पाण्यावर तरंगतो, ताणला तर थोडं देतो आणि तुटायच्या आधी करकरून सूचना करतो. रापणीचं जाळं ओढायला सगळा किनारा लागायचा, पंचवीस-तीस माणसं एकेका बाजूला, तेव्हा हातात हाच असे. तळहाताची सालं निघायची. रापणकरांच्या तळहाताला पुढे दुसऱ्या कशाने सालं निघण्याची भीती उरत नसे.

वळण्याची युक्ती साधी आहे. दोन पेड एकाच बाजूला पिळायचे आणि मग ते एकमेकांवर उलट्या बाजूला वळायचे. एक सुटायला बघतो तेव्हा त्याच्या सुटण्यानेच दुसरा आवळतो. दोघांनाही मोकळं व्हायचंय आणि दोघेही एकमेकांमुळे होऊ शकत नाहीत, म्हणून दोर टिकतो. भाऊबंदकीही नेमकी याच तत्त्वावर चालते, आणि ती कोकणात का टिकली याचं उत्तर समाजशास्त्रात शोधणाऱ्यांनी एकदा सुंभ उसवून बघावा.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण महाराष्ट्रभर आहे. पण ज्याने कोणी ती पहिल्यांदा काढली, तो पानाच्या गादीवर उभा असणार याविषयी माझ्या मनात शंका नाही. आगपेटीची काटकसर म्हणून गादीच्या खांबाला सुंभाचा तुकडा टांगलेला असे आणि त्याचं टोक दिवसभर धुमसत असे. गिऱ्हाइकाने वाकायचं, विडी टेकवायची, ओढायची. काथ्या भडकत नाही, आत आत खात जातो. आणि जळालेल्या भागाची राख पडायच्या आधी क्षणभर तशीच उभी राहते, पिळासकट, एक वेढा इकडे न तिकडे. विडी पेटेपर्यंत बघायला दुसरं काही नसतं. म्हणी अशाच वेळी सुचतात. फक्त त्या माणसाने बोट लावून बघितलं नाही. लावलं असतं तर राखेचा पीळही गेला असता आणि मराठीतल्या एका मोठ्या वर्गाला कायमचं विशेषण मिळालं नसतं.

हे विशेषण आम्हाला अतिशय मानवलं आहे. खोताची खोती गेली, वाड्याचं कौल गळू लागलं, कोर्टात दावा हरले, तरी ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घेणारा म्हातारा आमच्याकडे अजून सापडतो. त्याला कोणी 'सुंभ' म्हटलं तर तो रागावत नाही. 'शुंभ' म्हटलं तर रागावतो. उच्चारात एवढासा फरक, पण शुंभ हा देवीने मारलेला राक्षस आणि "शुंभासारखा उभा काय राहिलास?" हा आईने कामाच्या वेळी पोराला केलेला प्रश्न. आता खरं सांगायचं तर कोशकार सुंभाचं मूळही संस्कृतातल्या 'शुंब' या शब्दाकडे नेतात, आणि दोरी याच अर्थाचा 'शुल्ब' हा त्याच्या घरातला. राक्षसाशी नातं नाही, पण नाव सांगताना खुलासा करावा लागतो, अशी काही माणसं असतात तसा हा शब्द आहे.

शुल्ब म्हटल्यावर मात्र सुंभाची मान ताठ व्हायला हरकत नाही. यज्ञाच्या वेदी कशा आखायच्या हे सांगणारी जी शुल्बसूत्रं, ती या दोरीच्याच नावाने. आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी जेवढं क्षेत्र देते, तेवढंच दोन बाजू मिळून देतात, हे बौधायनाने सांगून ठेवलं आणि शाळेत ते आपल्याला पायथागोरसच्या नावाने छड्यांसकट मिळालं. आमचा गवंडी यातलं काही शिकलेला नाही. चिऱ्यांचा पाया आखताना तो दोरीवर तीन हात, चार हात, पाच हात धरतो आणि कोन गुण्यात आला म्हणतो. बौधायनाच्या वेदीवर देव यायचे. आमच्या पायावर पहिल्याच दिवशी शेजारी येतो आणि म्हणतो, "तुमची दोरी माझ्या हद्दीत चार बोटं आत आहे." त्यावर बौधायनाने काही सांगून ठेवलेलं नाही, तिथे वकील लागतो.

आणि मग सुरू होतो काथ्याकूट. सोडण कुटता कुटता जो कंटाळा, जी धूळ आणि त्या मानाने हाती थोडं, त्यावरून निरर्थक चर्चेला मराठीने हे नाव दिलं. रत्नागिरीत काथ्या कुटण्याचे दिवस संपले, पण काथ्याकुटात खंड नाही. धक्क्यावर, एस.टी. स्टँडवर, पारावर, जिथे दोन माणसं आणि एक मत असेल तिथे. एक मत, कारण दुसरा ते फक्त खोडून काढत असतो, त्याचं स्वतःचं काही नसतं. अंदमानात मात्र हा शब्द विनोदाचा नव्हता. तिथल्या तुरुंगात राजबंद्यांना सोडणं देऊन काथ्या कुटायला बसवत, ठरलेलं वजन झालं नाही तर शिक्षा. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मध्ये या छिलकाकुटाची हकीकत आहे. तो माणूस नंतर आमच्या गावात तेरा वर्षं राहिला, आणि त्याच्या समोर बसूनही आम्ही काथ्याकूट केलाच असणार. त्याने काय सहन केलं याची यादी अंदमानात संपत नाही, एवढंच म्हणतो.

सरकारला काथ्या हा शब्द पसंत नाही. १९५३ साली कायदा झाला, मंडळ स्थापन झालं, त्याचं कार्यालय कोचीला. आणि मल्याळीतला 'कयर' इंग्रजीतून फिरून आमच्याकडे 'कॉयर' होऊन आला. सोडण आमचं, काथ्या आमचा, पण अर्जावर कॉयर लिहिलं नाही तर योजना लागू होत नाही. यापेक्षा मोठा चमत्कार भुशाचा. काथ्या कुटताना जो भुसा उडायचा, वाऱ्याच्या दिशेने बसायचं नाही एवढीच ज्याची किंमत होती, त्याला आता कोकोपीट म्हणतात. दाबून विटा करतात, पाण्यात टाकल्या की फुगतात, पुण्यातले लोक बाल्कनीतल्या टोमॅटोसाठी मोबाइलवरून मागवतात. आमच्या शेजारच्या वहिनींनी पुण्याच्या भाचीकडे ती वीट बघितली, भाव ऐकला आणि परत येऊन न्हाणीच्या चुलीपुढे बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. "आयुष्यभर मेली मी रोज पाचशे रुपयांच्या पाण्याने आंघोळ केली," असं त्यांचं म्हणणं.

काटकसर हा आमचा स्थायीभाव, आणि दोराच्या बाबतीत तो जरा जास्तच. सिंहगडाचा धडा चालू होता. तानाजी पडला, मावळे पळू लागले, सूर्याजीने दोर कापून टाकले, असं सांगताना गुरुजींचा आवाज चढला. मागे खिडकीशी नातवाचा डबा घेऊन आलेले एक आजोबा उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मधोमध कापला की वरून?" गुरुजींना उत्तर देता येईना. "वरून कापला असेल तर ठीक. मधोमध कापला तर तुकडे गुरांनाही पुरे पडत नाहीत." परतीचे दोर कापणं हा वाक्प्रचार रत्नागिरीत फारसा रुजला नाही, त्याचं कारण हे असावं. आम्ही परतीचा दोर सोडवून, भेंडोळं करून, खुंटीवर ठेवतो. लागतो कधीतरी.

तो खुंटीवरचा सुंभ आता राहिलेला नाही. बाजेला प्लास्टिकची पट्टी आली, बाज जाऊन दिवाण आला. आंब्याच्या लाकडी पेटीच्या जागी पुठ्ठ्याचा खोका आला, त्याला चिकटपट्टी. मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन बघा, होड्यांतून निळे, नारिंगी, हिरवे, पोपटी नायलॉनचे डोंगर पडलेले दिसतात. एकही दोर मातीच्या रंगाचा नाही. नायलॉन मजबूत आहे, हलका आहे, कुजत नाही, सगळं कबूल. पण त्याला गाठ म्हणून बसत नाही. निरगाठ मारा, सुरगाठ मारा, सकाळी बघावं तर म्हैस गेलेली आणि दोरी निरागसपणे खुंट्याशी पडलेली. म्हणून त्याचं टोक पेटवून चिकटवावं लागतं. पेटवल्यावर काय होतं? काळा, कडक, वाटाण्याएवढा गोळा. पिळाचा मागमूस नाही! एवढी शतकांची म्हण एका काडीत खोटी पडली. नव्या पिढीला ती सांगायची तरी कशी? त्यांनी सुंभ बघितलेला नाही, आणि जे बघितलंय त्याचा पीळ जळण्याआधीच गेलेला असतो.

आणि नावं? दावं, राजू, काढणी, सुंभ, सगळ्यांच्या जागी एकच: 'नायलॉन दे रे.' वर्तमानपत्रं तेवढी 'रस्सी' वापरतात, तीही फक्त खेचण्यापुरती. उमेदवारीसाठी रस्सीखेच, अध्यक्षपदासाठी रस्सीखेच. घरात एकाही कोकणी बाईने 'रस्सीवर टॉवेल वाळत घाल' असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. रस्सी फक्त निवडणुकीत निघते.

नायलॉनने सर्वांत मोठं नुकसान केलं ते वेदान्ताचं. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला साप वाटतो, दिवा आणला की कळतं दोरीच होती. जग असंच भासमान आहे. रज्जुसर्पाचा हा दृष्टान्त कीर्तनकार आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या देत आले. मुळात कोकणात तो थोडा लंगडाच होता. जूनमध्ये लाईट गेलेली, पागोळ्या लागलेल्या, पडवीत काहीतरी वेटोळं करून पडलेलं, तेव्हा ते सापच समजायचं असतं. दोरी निघाली तर नशीब. रात्री त्याचं नावही घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं किंवा लांबडं. दोरी समजून उचलायला गेलेला माणूस मायेतून सुटतो खरा, पण जरा घाईने. तरी सुंभ निदान सापासारखा दिसायचा. आता पडवीत निळ्या नायलॉनची दोरी पडलेली असते. निळा साप आमच्याकडे नाही, नारिंगी नाही, पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा तर नाहीच. भ्रमच होईना, तर निरसन कशाचं करायचं? बुवांनी यंदा तो दृष्टान्त गाळला.

फक्त हिरव्या दोरीवर अजून थोडा विश्वास टाकता येतो. कारण हरणटोळ. हा झाडावरचा हिरवागार, दोरीसारखाच बारीक साप बिचारा फारसा विषारी नाही, पण तो टाळू फोडतो अशी आमची पक्की समजूत आहे, आणि समजुतीपुढे सर्पमित्रांचं काही चालत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या आत्याच्या तगरीच्या झाडावर संध्याकाळी एक सहा फुटी हरणटोळ लोंबकळताना दिसला. आत्याने काठी घेतली. पहिल्या फटक्याला वळवळला, दुसऱ्याला जास्त वळवळला. काठी मोडली. तिने दुसरी आणली. आरडाओरडा ऐकून शेजारचा मुलगा बॅटरी घेऊन धावत आला, त्याने उजेड टाकला आणि म्हणाला, "आत्या, अहो, आमची कपड्यांची दोरी आहे ती. वाऱ्याने उडून आलीय."

आत्याने कमरेवर हात ठेवून दोरीकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "मग आल्या आल्या सांगायचं नाही का तिने? आणि हो, काठी भरून दे माझी."